न पुसलेली चांदी

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान चांदीचे कारागीर आहेत. बाजारात त्यांना सगळे ‘लख्खशेठ’ म्हणतात, आणि हे नाव त्यांना कुणी कौतुकाने दिलेले नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे एकदा दाढी करताना समोरच्या आरशावरचा डाग त्यांना सहन झाला नाही. अर्धा गाल साबणाने माखलेला असतानाच ते उठले, खांद्यावरच्या पंच्याने तो आरसा स्वतः घासून काढला, आणि मगच पुन्हा खुर्चीत बसले. त्या दिवसापासून न्हाव्याने त्यांचे खरे नाव टाकून दिले. पुढे बाजारानेही टाकले. आता माझी बहीणसुद्धा रागात असली की म्हणते, “लख्खशेठ, जेवायला येताय ना, की ताट आधी पुसून हवंय?”

त्यांचे दुकान अरुंद आहे. पुढे काचेची दर्शनी चौकट, तिच्यामागे बसके बाक, बाकापाशी ऐरण, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेल्या हातोड्या. आणि मागचे दार उघडले की थेट स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची खिडकी उताराकडे आहे. उतार संपतो तिथे पाणथळ सुरू होते. पूर्वी त्या खिडकीतून चहाच्या रंगाचे, पण तळ दिसेल असे स्वच्छ पाणी दिसे. कडेने पाणकणसांची दाट रांग असे आणि तिच्यातून पाणकोंबड्यांची लगबग चाले. बहीण भाजी चिरताना त्या पाणकोंबड्यांशी भांडत असे, असे मी स्वतः ऐकलेले आहे.

दुकान उघडण्यापूर्वी मेहुणे दर्शनी चौकटीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढीत. सुरई, वाट्या, फणी, तसबिरीची चौकट, लहान मुलाचा खुळखुळा. कशालाही सूट नसे. मऊ कातडे खडूच्या पुडीत बुडवून ते प्रत्येक वस्तू घाशीत आणि नेमकी पूर्वीच्याच जागी ठेवीत. कालची हवा बसलेली चांदी आजच्या ग्राहकाला दाखवायची नाही, असा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. वडील गेल्यावर मेहुण्यांनी तो अधिक कडक केला, इतकेच.

हे काम त्यांना पूर्वी चटकन उरकत असे. पुढे पुढे त्याला फार वेळ लागू लागला. चांदीवर सकाळी पिवळसर झाक दिसे. मग ती तपकिरी होऊ लागली. मेहुण्यांनी खडू बदलला, कातडे बदलले आणि शेवटी स्वतःचे डोळे तपासून घेतले. दुकान उशिरा उघडते म्हणून न्हावी टोमणे मारू लागला, तेव्हा ते पहाटेच उठू लागले. पण घरी नेलेल्या चांदीला रोज घासायला कोण बसणार? एके दिवशी एक बाई आपली सुरई घेऊन आल्या आणि ती बाकावर आपटून म्हणाल्या, “शेठ, चांदी म्हणून काय दिलंत हे? चुलीवर ठेवायचं भांडं?”

सुरई काळीनिळी झाली होती. मेहुण्यांनी ती घासून लख्ख करून दिली, बाईंची क्षमा मागितली, आणि बाई गेल्यावर त्यांना आठवला तो सुरईच्या बुडाशी असलेला स्वतःचा शिक्का. त्या शिक्क्याचा अर्थ बाहेरच्या वाचकाला सांगायला हवा. आमच्याकडे चांदीच्या प्रत्येक वस्तूवर कारागिराचा शिक्का ठोकलेला असतो. तो सराफमंडळाने मान्य केलेला असतो आणि मंडळच तो काढून घेऊ शकते. शिक्का असलेली चांदी लोक डोळे मिटून विकत घेतात. शिक्का गेला, की तोच कारागीर, तोच हात आणि तीच चांदी असूनही माणूस संशयित ठरतो.

अशी आणखी गिऱ्हाइके आली. मेहुण्यांचा पहिला संशय गेला तो धातूवर. चांदी घट्ट व्हावी म्हणून तिच्यात थोडे तांबे मिसळतात. चांदीची लगड आणि तांबे ते मंडळाच्या अध्यक्षांच्याच पेढीवरून आणत. ते तडक तिथे गेले आणि भर गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “तांब्यात काय कालवता हो तुम्ही?”

अध्यक्ष वयाने, वजनाने आणि आवाजाने मोठे गृहस्थ. ते म्हणाले, “लख्खशेठ, तीन पिढ्या आम्ही धातू विकतोय. उद्या तुमच्या बायकोची भाजी करपली तर कढई आमची म्हणून आमच्याकडे याल!”

“कढई तुमची असती तर आधीच आलो असतो.”

या एका वाक्याने दोघांचा बोलण्याचा संबंध संपला. मेहुण्यांनी धातू परगावाहून आणायला सुरुवात केली. नव्या धातूची चांदीही तशीच काळवंडली. तरीसुद्धा आपण त्या माणसावर उगाच आळ घेतला, हे त्यांनी तेव्हा कबूल केले नाही. ते अधिक जोराने घासू लागले.

याच सुमारास पाणथळीचे रूप पालटले होते. पाण्यावर हिरवी साय धरली होती, टिकल्यांएवढ्या तरंगत्या पानांनी काठ झाकला गेला होता, आणि पाणकणसे बुडापासून कुजून आडवी पडू लागली होती. नगरपालिकेने पाणी तपासले. त्यात वनस्पतींचे अन्न म्हणून ओळखला जाणारा फॉस्फरस फार निघाला. वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आहे. त्याचेही सांडपाणी तपासले, तर त्यात फॉस्फरस जवळजवळ नव्हता. तेव्हा पालिकेने निष्कर्ष काढला, की दोष उतारावरच्या घरांचा आहे. त्यांचे कपड्यांचे साबण आणि बागांचे खत पाण्यात जाते. घरोघर सूचना लागल्या. माझ्या बहिणीच्या मागच्या दारावर ती सूचना चिकटवायला आलेल्या माणसाला तिने विचारले, “माझ्या एका बादलीच्या साबणाने एवढं तळं हिरवं झालं म्हणता? मग माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर का निघत नाही?”

कारखान्याविषयी कुणालाच शंका आली नाही, याला कारण होते. एके काळी त्याच्या नाल्यातून आज तांबडे तर उद्या निळे पाणी येई. लोकांनी ओरड केली, तेव्हा कारखान्याने खर्च करून पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले. रंग गेला. आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही त्यांत होतो. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याकडे पुन्हा कशाला पाहायचे?

पाहिले ते माझ्या भाचीने. ती महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सुट्टीत घरी आली असताना ती गुडघ्यापर्यंतचे बूट घालून पाणथळीत उतरली आणि एक पाणकणीस मुळासकट उपटून बादलीत घालून थेट स्वयंपाकघरात घेऊन आली. वासाने सगळ्यांनी नाकाला हात लावला.

“अगं, अंडी सडल्यासारखं हे काय आणलंस घरात!” बहीण ओरडली. “आधी बाहेर ठेव ते.”

“आई, एकदा मुळं बघ. मग ठेवते.”

मुळे कोळशासारखी काळी होती. निरोगी पाणकणसाच्या मुळांवर गंजाचा तांबूस लेप असतो, असे तिने सांगितले. मुळे हवा बाहेर सोडतात आणि चिखलातले लोखंड त्यांच्याभोवती गंजते. इथे तो तांबूसपणा नावालाही नव्हता.

“आता नीट ऐका,” ती म्हणाली, आणि ओट्यावरचा साखरेचा डबा उचलून तिने आईच्या हातात दिला. “चिखलातलं लोखंड म्हणजे तू. साखर म्हणजे फॉस्फरस. तू डबा घट्ट धरून बसलीयस, म्हणून पोरांना तो मिळत नाही. आता एक पाहुणा येतो आणि तुझे दोन्ही हातच धरतो. डब्याचं काय होईल?”

“माझे हात धरणारा पाहुणा अजून जन्माला यायचाय.”

“आई!”

“पडेल. पडेल डबा. पुढे?”

“पोरं साखरेवर तुटून पडतील. तीच ही हिरवी साय. फॉस्फरस कुणी बाहेरून आणून टाकलेला नाही. तो पाणथळीच्या चिखलातच होता, कितीतरी वर्षांचा साठलेला. लोखंडाने धरून ठेवला होता. लोखंडाचे हात गंधकाने धरले, आणि तो सुटला.”

मेहुणे आतापर्यंत दारात उभे होते. गंधक हा शब्द ऐकताच ते आत आले. कारागिराला तो शब्द परका नसतो.

“गंधक कुठून आलं?” त्यांनी विचारले.

“कारखान्यातून. रंग कापडात मुरावा म्हणून ते सोडियम सल्फेट नावाचं मीठ वापरतात. त्यात गंधक असतं. शिवाय त्यांचं पाणी फार अल्कधर्मी, म्हणजे सोड्यासारखं दाहक, निघतं, ते सौम्य करायला गंधकाचं आम्ल घालतात. त्यांनी रंग काढला, दाहकपणा काढला, गंधक राहिलं. सल्फेटला ना रंग, ना वास. पाण्यातून ते आरामात चिखलात उतरतं. तिथे हवा नसते. तिथले जिवाणू हवेऐवजी सल्फेटवर श्वास घेतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. लोखंड होतं तोवर त्या वायूतलं गंधक लोखंडाशी जुळून काळा चिखल होऊन खालीच बसत होतं. आता लोखंड संपत आलंय, बाबा. म्हणून वायू वर येतोय.”

“आणि माझ्या दुकानात शिरतोय.”

“तुमच्या दुकानातच नाही. सगळीकडे. पण तो कपड्यावर दिसत नाही, भिंतीवर दिसत नाही. चांदीवर दिसतो.”

मेहुणे त्या मुळांकडे पाहत म्हणाले, “पिवळी झाक केव्हापासून येते आहे, मला आठवतंसुद्धा नाही. ते यंत्र बसवल्यानंतर कधीतरी. साऱ्या गावात ही गोष्ट जिथे उमटत होती, ती जागा माझ्या काचेत होती. आणि मी ती रोज सकाळी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, पुसून टाकत होतो.”

“तुमचा धंदाच तो,” बहीण म्हणाली. तिच्या आवाजात एवढा मऊपणा मी क्वचितच ऐकला आहे.

“धंदा चांदी करण्याचा आहे. लपवण्याचा नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेतली एकही वस्तू घासली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौकटीतली चांदी आधी मधासारखी पिवळी झाली, मग तपकिरी, मग तिच्यावर जांभळी आणि निळी छटा चढली, आणि अखेरीस सुरईपासून खुळखुळ्यापर्यंत सगळे काळे पडले. त्यांनी काचेवर सुवाच्य अक्षरांत एक पाटी लावली: ‘ही चांदी अस्सल आहे. कस लावून पाहावा. ती काळी का पडली, हे मागच्या खिडकीतून दिसते. खिडकी पाहण्यास मज्जाव नाही.’

लोक आले. खरेदीसाठी कमी आणि खिडकीसाठी जास्त. माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरातून अनोळखी माणसांची ये-जा सुरू झाली. पहिले काही दिवस ती चिडली, नंतर तिने पायपुसणे टाकले, आणि पुढे तर ती स्वतःच माहिती देऊ लागली. साखरेचा डबा हातात घेऊन ती लोखंड आणि गंधक समजावून सांगे, आणि आपल्या लेकीपेक्षा बरे सांगे, असे तिचे स्वतःचे मत होते. पाहुण्याला मात्र तिने आपल्या गोष्टीत हात धरू दिला नाही; तो डबा खेचतो, असा बदल तिने परस्पर केला. भाचीने शास्त्राच्या दृष्टीने हरकत घेतली, तेव्हा ती म्हणाली, “तुझं शास्त्र महाविद्यालयात. हे माझं स्वयंपाकघर आहे.”

न्हावी दारातून ओरडला, “लख्खशेठ, आता नाव बदलू का? काळेशेठ कसं वाटतं?”

“बदल,” मेहुणे म्हणाले. “पण दुकानाच्या पाटीवर तूच रंगव. आणि आरसा पूस.”

भाचीने नाल्याचे आणि पाणथळीचे पाणी तपासून सल्फेटचे आकडे पालिकेला दिले. पालिकेचे उत्तर आले, की सांडपाण्याच्या नियमांत सल्फेटला मर्यादा घातलेली नाही, सबब ती ओलांडली गेली असे म्हणता येत नाही. उत्तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

मग कारखान्याचे व्यवस्थापक स्वतः दुकानात आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बूट बाहेर काढले, बहिणीला नमस्कार केला आणि चौकटीतली काळी फणी उचलून प्रामाणिकपणे हळहळले.

“शेठ, आमच्या पाण्यात मी तुम्हाला मासे सोडून दाखवतो. जगतील. आम्ही काय कमी खर्च केला? रंगाचं ऐकलं ना आम्ही तुमचं?”

“ऐकलंत. आता गंधकाचं ऐका.”

“गंधकाचं म्हणाल तर आम्ल तुम्हीसुद्धा वापरता. झाळ देऊन सांधा जोडल्यावर चांदी साफ करायला कशात बुडवता?”

मेहुणे उठले. बाकाखालून त्यांनी झाकण असलेली काचेची बरणी काढली, तळाशी थोडे आम्ल होते. ती त्यांनी व्यवस्थापकांपुढे ठेवली. “हे माझं. सगळं. हवं तर घेऊन जा, मी उद्यापासून लिंबाने भागवतो. आता तुमचं किती आहे, तेवढं इथे आणून ठेवा. जागा कमी पडली तर रस्ता मोकळा करून देतो.”

व्यवस्थापक हसले, मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. मालकांच्या मुलीचे लग्न ठरले होते. ताटे, वाट्या, सुरया, सारा संच चांदीचा हवा होता. काम अध्यक्षांच्या पेढीमार्फत द्यायचे ठरले होते, पण हात लख्खशेठचा हवा असा मालकीणबाईंचा आग्रह होता. शिवाय दुकानाला हवाबंद काचेची चौकट कारखाना स्वखर्चाने बसवून देईल. तिच्यात चांदी महिनोन्‌महिने पांढरी राहील. फक्त ती पाटी तेवढी उतरवायची.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला होता. माझी बहीण ऐकत होती, आणि त्या कामाने वर्षभराची विवंचना मिटली असती, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

“चौकट हवाबंद केलीत,” मेहुणे सावकाश म्हणाले, “पण माझी बायको जिथे भाजी चिरते ती खिडकी? तीही हवाबंद करणार? आणि तिच्यापलीकडची पाणथळ? तिला केवढं झाकण घालणार तुम्ही?”

“शेठ, भावनेच्या भरात—”

“भावना नाही. मालकीणबाईंना सांगा, संच करून देतो. उत्तम करून देतो. पाटी राहील आणि संच तयार होईल तसा याच काचेत, उघडा, मांडून ठेवीन. लग्नाच्या दिवशी जसा असेल तसा न्या.”

व्यवस्थापकांनी बूट घातले. ते गेल्यावर बहीण दारात आली. मला वाटले, आता वादळ होणार. ती एवढेच म्हणाली, “लिंबाने भागवतो म्हणालात, ती लिंबं माझ्या डब्यातली नाहीत. स्वतः आणायची.”

काही दिवसांतच मंडळाची बैठक बोलावण्यात आली. मंडळाचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे मी तिथे हजर होतो. अध्यक्षांच्या पेढीच्या माडीवर लाकडी बाकांच्या दोन रांगा आहेत. त्या दिवशी त्या भरल्या होत्या. विषय एकच होता: लख्खशेठ यांचा शिक्का काढून घ्यावा काय.

प्रथम कस लावला गेला. काचेतल्या काळ्या वाटीला कडेने कानस मारून मंडळाच्या परीक्षकाने चांदीचा कीस तपासला आणि ती चोख असल्याचे मोठ्याने सांगितले. हे होताच मेहुणे उभे राहिले.

“आधी मला एक बोलायचंय. अध्यक्षसाहेब, मी तुमच्या पेढीवर चारचौघांत तुमच्या तांब्यावर आळ घेतला होता. तांबं चोख होतं. लगडही चोख होती. चूक माझी. चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांत क्षमा मागतो.”

अध्यक्षांचा चेहरा सैलावला. ते आनंदाने पुढे झुकले. “झालं, झालं. मोठ्या मनाचे आहात. मग आता चौकट घासून टाका आणि पाटी काढा. हा विषय इथेच मिटवू.”

“तो विषय वेगळा आहे.”

“वेगळा कसा?”

“तुमचं तांबं स्वच्छ होतं, म्हणून क्षमा मागितली. पाणथळ स्वच्छ झाली, की पाटी काढतो.”

सैलावलेला चेहरा पुन्हा आवळला गेला. अध्यक्षांनी आरोप वाचून दाखवला: सदर कारागिराने काळी चांदी मांडून साऱ्या बाजाराची बदनामी केली आहे, लोक आपापल्या घरची कपाटे उघडून पाहू लागले आहेत, नव्या मागण्या थांबल्या आहेत. मग त्यांनी सभासदांना आवाहन केले, की शिक्का काढून घ्यावा असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावेत.

“जरूर करा,” मेहुणे म्हणाले. “मात्र तळवा माझ्याकडे धरा. मला बोटं बघायचीत.”

कुणाला काही कळेना. मग पहिल्या बाकावरच्या एका वृद्ध सराफाने आपल्या बोटांकडे पाहिले आणि वर जाऊ लागलेला हात खाली मांडीवर ठेवला. काळवंडलेली चांदी घासणाऱ्याच्या बोटांच्या पेरांत काजळी बसते. ती साबणाने लवकर जात नाही.

“मी घासायचं थांबवलं, म्हणून माझी बोटं स्वच्छ आहेत,” मेहुणे दोन्ही हात पुढे करून म्हणाले. “तुमची का काळी? माझी चांदी खोटी, पाणथळ ठणठणीत, तर मग आज सकाळी तुम्ही काय घासत होतात? करा ना हात वर! कारखान्याचे मालकही तुमचीच गिऱ्हाइकं आहेत, पण तुमच्या लेकीसुनाही त्याच हवेत राहतात. मी एकट्याने काच काळी ठेवली तर मी वेडा. आपण सगळ्यांनी एक आठवडा ठेवली, तर पालिकेला त्या नियमात एक ओळ वाढवावी लागेल. एकच ओळ. सल्फेट किती, एवढीच.”

हात वर गेला तो एका अध्यक्षांचाच. त्यांच्याकडे घासायला नोकर होते. त्यांची बोटे निष्कलंक होती. मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसले आणि अध्यक्षांचा हात हवेत अवघडला.

मी लिहायचे थांबलो नाही, पण ठराव बारगळला, असे माझ्या मनाने घेतले होते. ते घाईचे ठरले. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि नियमावलीतल्या तरतुदीनुसार गुप्त मतदान जाहीर केले. कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, घड्या घालून डब्यात पडल्या, आणि मोजल्या गेल्या. बहुसंख्य सभासदांनी शिक्का काढून घेण्याच्या बाजूने मत दिले होते.

“चिठ्ठ्यांना बोटं नसतात,” मेहुणे म्हणाले. खिशातून शिक्क्याचा पोलादी ठसा काढून त्यांनी तो टेबलावर ठेवला. ठेवण्यापूर्वी त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाला पुसला, एवढी सवय मात्र सुटली नव्हती. “हा मंडळाचा. मंडळाला परत. हात माझे आहेत, ते मी घेऊन जातो.”

“बिनशिक्क्याची चांदी कोण घेईल तुमच्याकडून?” अध्यक्षांनी विचारले. त्या प्रश्नात विजयाइतकीच खरी चिंता होती.

“ज्याला हवी तो कस लावून घेईल. मी दुकानात कस लावायच्या आम्लाची बाटली आणि कानस ठेवतो. ग्राहकाने स्वतः तपासावं. तुमच्या शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची त्यांना सवय लागली होती; ती मोडली तर बरंच.”

त्यानंतरचे महिने सोपे नव्हते, हे मला लिहिलेच पाहिजे. विक्री निम्म्याहून खाली आली. लग्नाचा संच दुसऱ्याकडे गेला. बहिणीने वरची खोली एका शिक्षिकेला भाड्याने दिली. मेहुणे घड्याळांची चांदीची आवरणे दुरुस्त करू लागले, जे काम पूर्वी ते कमी प्रतीचे मानीत. काच मात्र काळीच राहिली. पहिल्या बाकावरच्या त्या वृद्ध सराफाने स्वतःच्या दुकानात एक वाटी न घासता ठेवली. विचारणाऱ्याला तो म्हणे, विसरलो. मग आणखी एक जण विसरला. शेवटी पालिकेने नाल्याच्या तोंडाशी सल्फेट मोजायला माणूस पाठवला, आणि कारखान्याने गंधकाच्या आम्लाऐवजी धुराड्याच्या धुरातला कार्बन डायॉक्साइड वापरून पाणी सौम्य करण्याची चाचणी सुरू केल्याचे कानावर आले. त्यामुळे अर्धाच प्रश्न सुटेल, असे भाची म्हणते. कापड रंगवतानाचे मीठ अजून येतेच आहे. आणि सगळे आज थांबले तरी चिखलात बसलेले गंधक लगेच उठून जाणार नाही. पाणकणसे परत यायला किती काळ लागेल, हे ती सांगत नाही. मेहुणे विचारीतही नाहीत.

पंधरवड्यापूर्वी मंडळाकडून निरोप आला. ज्याच्याकडे मान्य शिक्का नाही, त्याला दुकानाच्या पाटीवर ‘सराफ’ हा शब्द लावता येत नाही. तो आठ दिवसांत खोडावा, अन्यथा मंडळ आपली माणसे पाठवून खोडून घेईल.

मेहुण्यांनी निरोप्याला पाणी दिले आणि म्हणाले, “मी खोडणार नाही. त्यांना यायचं तर येऊ दे. पाटी उंच आहे, शिडी मी लावून ठेवतो. अध्यक्षांना सांगा, पहिली पायरी जरा डुगडुगते, जपून चढा.”

त्यांनी खरोखरच शिडी आणली आणि दुकानाच्या भिंतीला, बरोबर त्या शब्दाखाली, लावून ठेवली. आठ दिवस होऊन गेले. मी काल गेलो, तेव्हा शिडीवर चादरी वाळत होत्या.

“दादा, असा बघतोस काय?” बहीण म्हणाली. “येणारे येतील तेव्हा काढीन. तोवर उन्हातली जागा फुकट कशाला घालवायची?”